ही व्यक्ती मी नाही

आईच्या फुप्फुसातून काढलेल्या तुकड्यात कर्करोग नव्हता. तसा अहवाल ती गेल्यानंतर अकराव्या दिवशी माझ्या मोबाइलवर आला. घरात माणसं होती, आत्या कुणाला तरी चहा विचारत होती. मी न्हाणीघरात जाऊन अहवाल दोनदा वाचला. 'जुना व्रण. चुन्याचा अंश. घातक पेशी आढळल्या नाहीत.' तारखेवरून कळलं, तुकडा तपासून झाला तेव्हा आई अजून जिवंत होती, अतिदक्षता विभागात, नळीवर.

शस्त्रक्रियेआधी स्कॅन वाचणाऱ्या यंत्रानं कर्करोगाची शक्यता एकाहत्तर टक्के सांगितली होती. सुईनं काढलेल्या पेशी पुरेशा नव्हत्या, दुसऱ्यांदा सुई घालायला जागा अवघड होती, म्हणून उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढून टाकायचं ठरलं. त्यानंतर हवा गळत राहिली, मग जंतुसंसर्ग झाला, आणि एकोणिसाव्या दिवशी सगळं संपलं. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. एकोणतीस टक्के म्हणजे किती, हे मला कुणी समजावून द्यायला नको होतं. तरी मला तो डाग कुठून आला ते जाणून घ्यायचं होतं. व्रण जुना होता, म्हणजे कधीतरी जखम झाली असणार. आईला कधी काही झाल्याचं आमच्या घरात कुणी बोललेलं मला आठवत नव्हतं.

म्हणून मी तिचं रेकॉर्ड मागायला गेले.

रेकॉर्ड विभाग इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला लागून होता. गरम कपड्यांचा वास भिंतीतून आत यायचा. तिथं खंडारे नावाच्या बाई बसायच्या. निवृत्तीला सहा महिने उरलेले, चष्मा साखळीनं गळ्यात. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"जित्या माणसाचं रेकॉर्ड त्याच्या फोनवरच सुटते, ताई," त्या म्हणाल्या. "मयताचं मात्र वारसानं इथं येऊन घ्या लागते. बसा."

त्या विभागात रेकॉर्ड 'देत' नसत, 'सोडत'. जणू इतके दिवस ते कुठंतरी बांधून ठेवलेलं होतं.

त्यांनी माझ्या अंगठ्याचा ठसा घेतला, आईच्या मृत्यूचा दाखला पडताळला आणि यादी वाचायला लागल्या. सीटी स्कॅन तीन. पेट स्कॅन एक. छातीचे एक्स-रे सात. सुईचा अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणं, नर्सबाईंची रोजची पानं.

"एवढं आत्ताच सोडतो. एक मात्र राहते."

"काय राहतं?"

"अस्थिमुद्रेची एक जुळणी हाये, बंद केलेली. छातीची फिल्म. सन ब्याण्णव." त्यांनी पडद्याकडे मान पुढे काढली. "डोंगरावरच्या क्षयरोग आरोग्यधामातली. नाव द्वारका, वय सोळा."

"मग ती माझी आई नाही. आईचं नाव वसुधा."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लग्नाआधी काय होतं?"

मला माहीत नव्हतं. अडतीस वर्षांची मी. किती तरी पुस्तकांतल्या पात्रांच्या तीन-तीन पिढ्यांची नावं पाठ. आईच्या माहेरी मामा तिला 'बाई' म्हणायचा, धाकटी मावशीही 'बाई'च. आजोबा 'पोरी' म्हणायचे. तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव आपल्याला फार आवडलं, असं ती लग्नाच्या गोष्टी सांगताना म्हणायची. त्याआधी त्या नावाच्या जागी काय होतं, हे मी कधी विचारलं नाही.

"जुळणी नव्याण्णव पूर्णांक दोन टक्के हाये," खंडारे बाई म्हणाल्या. "तुमच्या आईच हायेत त्या. पन त्यांनीच नाही म्हटलं न जी. हे पाहा." त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला.

'रुग्णास विचारणा : १४ ऑगस्ट, सकाळी ११.०४. उत्तर : नाही, ही व्यक्ती मी नाही. ११.०५. जुळणी बंद.'

मी टेबलाची कड धरली. चौदा ऑगस्टला सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी आईचा फोन माझ्या हातात होता.

*

अस्थिमुद्रा हा शब्द आता सगळ्यांना माहीत आहे, पण ती काय करते ते थोडं सांगायला हवं.

हाडांवरून माणूस ओळखता येतो हे जुनंच ज्ञान. गळ्याखालच्या आडव्या हाडाचा बाक, बरगड्यांचा उतार, मणक्यांची ठेवण, फुप्फुसात शिरणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या फांद्या, हे सगळं मिळून कुठल्याही दोन माणसांत सारखं नसतं. नवं होतं ते एवढंच, की यंत्र छातीच्या कुठल्याही चित्रावरून काही शे आकड्यांची एक माळ ओवू लागलं. माणूस जाड झाला, वाकला, म्हातारा झाला, तरी त्याची माळ फारशी हलत नाही. मुलींचा सांगाडा सोळाव्या वर्षापर्यंत बहुतेक घडून झालेला असतो, त्यामुळे सोळाव्या वर्षीची माळ पासष्टाव्या वर्षीच्या माळेशी ताडून पाहता येते. त्याला नाव लागत नाही, जन्मतारीख लागत नाही.

त्याच सुमारास राज्यानं जुन्या इस्पितळांच्या गोदामांतल्या फिल्मा गोळा करून त्यांच्या प्रतिमा एका संग्रहात भरायला घेतल्या. तोवर त्या फिल्मा चांदीसाठी भंगारात जात. हेतू चांगला होता. आपल्याकडे बाईचं लग्नाबरोबर सगळंच नाव बदलतं. तिचं, बापाच्या जागी नवऱ्याचं, आडनावही. म्हणजे इस्पितळाच्या लेखी ती बावीस-तेविसाव्या वर्षी जन्माला येते. त्याआधीचे आजार कुणा दुसरीचे. अस्थिमुद्रा त्या दोघींना एक करणार होती.

पण पहिल्याच वर्षी तिनं अशा एका बाईची दोन नावं एक केली, जी बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मारातून पळून, नाव बदलून, दुसऱ्या जिल्ह्यात राहत होती. मोडलेल्या बरगड्यांची फिल्म जुन्या नावावर होती, नवी फिल्म नव्या नावावर. जुळल्याचा संदेश दोन्ही पत्त्यांवर गेला. पुढचं सर्वांनी वर्तमानपत्रात वाचलं. त्यानंतर कायदा झाला. जुळणी सापडली की फक्त रुग्णालाच विचारायचं, तेही पहिलं नाव, साल आणि ठिकाण एवढंच दाखवून. तो 'नाही' म्हणाला तर ते उत्तर तो जिवंत असेपर्यंत अंतिम. असं काही विचारलं गेलं होतं, हेही डॉक्टरांना कळू द्यायचं नाही. मृत्यूनंतर सगळ्या वारसांनी मिळून सही केली तरच ती फिल्म उघडायची. एकानं जरी नाकारलं तरी नव्वद दिवसांत पुसून टाकायची.

त्या कायद्यासाठीच्या निवेदनावर माझी सही आहे. आजही करीन.

चौदा ऑगस्टला आईला पेट स्कॅनसाठी आत नेलं होतं. दागिने, दातांची कवळी, चष्मा, फोन, सगळं तिनं माझ्या ओढणीत बांधून दिलं होतं. बाबा खाली गाडीपाशी. मी प्रवेशाचा अर्ज भरत होते. 'पूर्वी क्षयरोग झाला होता काय?' समोर मी 'नाही' वर खूण केली होती, कारण आदल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई तसंच म्हणाली होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. द्वारका. १९९२. आरोग्यधाम. ही व्यक्ती आपणच आहात काय?

तेव्हा सगळीकडे इशारे फिरत होते. हाडांच्या संदेशाला 'होय' म्हणू नका, कुणाचा तरी आजार तुमच्या नावावर चढवतात. मी असल्या इशाऱ्यांवर विश्वास ठेवणारी नव्हे. पण मला नाव ओळखीचं वाटलं नाही, अर्जाचं पान अजून संपलं नव्हतं, आणि समोरचा माणूस 'मॅडम, लवकर' म्हणत होता. मी 'नाही' दाबलं. एक मिनिटही लागलं नाही. आई बाहेर आल्यावर तिला सांगायचं सुद्धा मला आठवलं नाही. तिला भूक लागली होती, आणि आम्ही उपम्याबद्दल बोललो.

मी तिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, ते मला माहीत नाही. ते कुठल्याच संग्रहात नाही.

*

डॉक्टर नाझनीन काझी यांनी आईचे स्कॅन वाचले होते. त्यांची वेळ मागून मी दोन दिवसांनी त्यांच्या अंधाऱ्या खोलीत गेले. मी फिल्मबद्दल काही बोलले नाही, बोलता येतही नव्हतं. ती अजून बंद होती. मी फक्त विचारलं, "आईचा एखादा जुना एक्स-रे तुमच्या हातात असता तर?"

"किती जुना?"

"समजा, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि त्यात हाच डाग, याच जागी, एवढाच असता तर?"

"हो."

"तर मी सर्जनना फोन करून सांगितलं असतं, सुरी ठेवा, पेशंटला घरी पाठवा." त्या माझ्याकडे वळल्या. "केतकीताई, पन्नास वर्षं न वाढलेला डाग कर्करोगाचा नसतो. आमच्या शास्त्रात इतकी सरळ वाक्यं फार थोडी आहेत. यंत्राला तो डाग नवा वाटला, कारण त्याच्याकडे आधीचं काहीच नव्हतं. कडा वेड्यावाकड्या, पेट स्कॅनमध्ये थोडी चमक. जुन्या टीबीचे डाग असे कधी कधी फसवतात. म्हणून तर मी दोनदा विचारलं होतं."

"आईला?"

"तुमच्यासमोरच. टीबी झाला होता का, लहानपणी कधी महिनोन् महिने औषधं, इंजेक्शनं? त्या नाही म्हणाल्या. तुमचे वडील होते, तुम्ही होतात." त्यांनी डोळे चोळले. "कधी कधी वाटतं, तुम्हा दोघांना बाहेर बसवून विचारायला हवं होतं."

मी त्यांचे आभार मानले. खोलीबाहेर आल्यावर लक्षात आलं, नियम मोडून का होईना, त्यांना खरं सांगायची संधी होती आणि ती मी घेतली नाही. त्या मला दोष देणार नाहीत, हे दिसत होतं. तरीही.

*

माझे बाबा, पुरुषोत्तम गावंडे, भूमापन खात्यात होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी मोजल्या. घरी पोचले तेव्हा ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, फोन डोळ्यांजवळ धरून.

"इस्पितळाची नोटीस आली," ते म्हणाले. "फेरफाराला दोन्ही वारसांच्या सह्या पाहिजेत म्हणते."

"फेरफार नाही बाबा. जुळणी."

"तेच ते. एका नावाचं दुसऱ्या नावावर चढवायचं." त्यांनी फोन माझ्याकडे केला. "द्वारका. किती वर्षांनी लिहिलेलं पाहिलं हे नाव."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच तर बदललं ना, बेटा. माझ्या आजीचं नाव द्वारका. म्हणजे माझ्या आईची सासू. आई कधी सासूचं नाव घेत होती का! शेजारचे द्वारकेला यात्रेला गेले तर ती म्हणायची, ते त्या गावाला गेले. मग त्याच नावाची सून घरात आली तर हाक कशी मारायची? म्हणून वसुधा. आणि एकदा बदललं ते बदललं. या घरात तो शब्द कोणी काढलाच नाही."

ते क्षणभर हसलेही. मी त्यांच्या शेजारी खाली बसले. अर्थ माझ्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. आमच्या घरातल्या एका मेलेल्या बाईचा मान राखायचा म्हणून जो शब्द उच्चारला गेला नाही, तो मला ओळखता आला नाही.

"बाबा, नाही सही केली तर चालतं," मी म्हणाले. "आपोआप पुसलं जाईल."

"काहून पुसायचं?"

"आता उपयोग काय त्याचा? छातीची फिल्म आहे नुसती. बरगड्या."

"सोळा वर्षांची असेल ती तेव्हा," ते म्हणाले. त्यांनी साल वजा करून ठेवलं होतं. "मी बघायला गेलो तेव्हा बावीसची होती. त्याच्या आधीचा तिचा एक फोटो नाही आपल्याकडे. बरगड्या तर बरगड्या. तिच्याच आहेत ना?"

मला कळत होतं, फिल्म उघडली की तिच्याबरोबर ती ओळही उघडणार. उत्तर : नाही, ही व्यक्ती मी नाही. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर हा माणूस वाचणार, की बायकोला जीव वाचवायचा साधा मार्ग समोर आला होता आणि नवऱ्याला कळू नये म्हणून तिनं तो बंद केला. तसं वाचू द्यायचं नसेल तर मला सांगावं लागणार होतं, की ते बोट माझं होतं. दुसरी वाट नव्हती. तीन दिवस मी वाक्यं जुळवत होते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. प्रत्येक वाक्य 'बाबा' पासून सुरू व्हायचं आणि तिथंच थांबायचं. मंगळवारी आम्ही रिक्षात बसलो तेव्हा मी ठरवलं होतं, फिल्म पाहून होऊ द्यायची, आणि नोंद वाचली जाण्याआधी सांगायचं.

*

"या काकाजी, बसा," खंडारे बाईंनी खुर्ची पुढे केली. "पानी घेता?"

"नको. तुमची इमारत पडायला आली की हो बाई. धुलाईघराची भिंत दोन इंच तुमच्या हद्दीत सरकली आहे."

"मोजली का तुमी?"

"डोळ्यानं दिसते."

बाई हसल्या. बाबांचा आवाज नेहमीसारखा होता, हात मात्र काठीवर घट्ट होते. दोघांचे ठसे झाले. पडदा काळा झाला आणि मग ती फिल्म उजळली.

फिल्म कडेला पिवळी पडलेली होती. तिची प्रतिमाही तशीच डागाळलेली. बारीक, सरळ बरगड्या. गळ्यात काळ्या दोऱ्यात असावा असा एक मणी, तो काढायचा राहून गेलेला. कोपऱ्यात शाईनं क्रमांक. आणि उजव्या फुप्फुसात वर, आडव्या हाडाखाली, तो डाग. मी त्याच डागाची चित्रं ऑगस्टभर पाहिली होती. मोजायची गरज नव्हती.

बाबा उठले. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, डागावर नाही, मण्यावर.

"किती बारीक होती," ते म्हणाले.

बाईंनी पडद्यावर पुढची ओळ आणली. मग म्हणाल्या, "नियमानं लॉग वाचून दाखवा लागते काकाजी. चौदा ऑगस्ट, अकरा चार. पेशंटले विचारलं. अकरा पाच. पेशंटनं नाही म्हटलं."

मला उशीर झाला होता. "बाबा," मी म्हणाले, "त्या दिवशी—"

"थांब." त्यांनी हात वर केला. वळले नाहीत. "नाही म्हणाली? तिनं स्वतः?"

"तिच्या फोनवरून," बाई म्हणाल्या.

ते परत खुर्चीवर बसले. मग ते बोलायला लागले, माझ्याकडे न पाहता.

"आमचं लग्न ठरलं तेव्हा तिचे वडील अचलपूरला माझ्या कचेरीत आले होते. एकटेच. बाहेर चिंचेखाली नेलं मला आणि म्हणाले, जावईबापू, पोरीला सोळाव्या वर्षी छातीचा रोग झाला होता. चार महिने डोंगरावर होती. बरी झाली, पण तुम्हाला न सांगता पोरगी देणं मला जमणार नाही. आता तुम्ही ठरवा. मी म्हटलं, बरी झाली ना, मग झालं. तर हात जोडून म्हणाले, एवढं करा, मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका. तिनं मला देवाची शपथ घातली आहे, की हे सासरी सांगितलं तर मी विहीर जवळ करीन."

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून. आई माळकरी, घरात अंडं चालत नव्हतं. मी कचेरीतून येताना उकडलेली अंडी आणायचो. गाडीवाल्याकडे उरली होती, फेकून देत होता, असं सांगायचो. ती गच्चीवर जाऊन खायची. म्हणायची, तुमचा गाडीवाला मोठा अडाणी दिसतो, रोज उरतात म्हणजे काय!" त्यांच्या ओठांची कड हलली. "तिला वाटायचं मला माहीत नाही. मी तिला तसं वाटू दिलं. त्रेचाळीस वर्षं."

खंडारे बाई उठल्या आणि काही तरी आणायचं असल्यासारख्या आतल्या खोलीत गेल्या.

"त्या काझी डॉक्टरनं दोनदा विचारलं, केतू. दोनदा. मी तिच्या शेजारी होतो. ती नाही म्हणाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही तिनं. आणि मला वाटलं, आता या वयात, लेकीसमोर, परक्या माणसासमोर हिला खोटं कशाला पाडू? एवढी यंत्रं आहेत, त्यांना कळेलच की. एक वाक्य होतं गं. हिला टीबी होऊन गेला आहे. पाच शब्द. तो अहवाल आला त्या दिवसापासून मी ते पाच शब्द मोजून राहिलो."

मी त्यांचा हात धरला. तो गार होता.

"पण आता हे," त्यांनी पडद्याकडे मान केली. "इथं तर तिच्या शेजारी मी नव्हतो. तू नव्हतीस. कोणी नव्हतं. यंत्रानं तिला एकटीला विचारलं, तुझंच आहे का हे, आणि तरी ती नाही म्हणाली. म्हणजे तिची मर्जीच नव्हती. मी बोललो असतो तरी तिनं मलाच खोटं पाडलं असतं. नसतं ऐकलं तिनं कोणाचं." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पाडलं असतं ना, केतू?"

मी संख्याशास्त्र शिकवते. एकच ओझं दोन माणसांनी उचललं तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं येतं, हे गणित दगडमातीला लागू पडतं. मी खरं सांगितलं असतं तर माझं हलकं झालं नसतं, आणि त्यांचे पाच शब्द त्यांना परत मिळाले असते, पूर्ण वजनानिशी, उरलेल्या सगळ्या वर्षांसाठी. ते सत्तर वर्षांचे होते. आई गेली ती ते दोघं एकमेकांना जपत होते म्हणून. तिनं त्यांना जपलं, त्यांनी तिला. मी मात्र कुणाला जपत नव्हते, नुसती घाईत होते. आता माझी पाळी होती, आणि जपायची रीत मला एकच ठाऊक होती.

"हो बाबा," मी म्हणाले. "तिनं ऐकलं नसतं."

त्यांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, सावकाश, दोन्ही काचा.

खंडारे बाई परत आल्या. "आता एवढी एक सही राहिली," त्या म्हणाल्या. पडद्यावर चार ओळी आल्या. शेवटची ओळ अशी होती : 'वरील नकार रुग्णाने स्वतः दिला असून त्याबाबत आम्हा वारसांची हरकत नाही.' बाबांनी चष्मा न लावताच सही केली. बाईंनी सहीची पाटी माझ्यापुढे सरकवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्यासमोर त्या दिवशी मी टेबलाची कड धरली होती. इतक्या वर्षांत त्यांनी किती सह्या पाहिल्या असतील.

मी सही केली. सहीखाली वेळ उमटली, आणि ती ओळ कायमची झाली. यापुढं ती कुणालाही बदलता येणार नाही, मलाही.

रिक्षात बाबांनी मला विचारलं, की तू मघा काही सांगत होतीस. मी म्हणाले, काही नाही, त्या दिवशी आईला फार भूक लागली होती, एवढंच. ते म्हणाले, भुकेची कच्चीच होती ती पहिल्यापासून.

संध्याकाळी जेवायला बसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी दुसरी पोळी मागितली. मी वाढली.